पिवळा दिवा लागला तर आधी कोड लिहून ठेवा

सकाळी उमरोळीहून बोईसरला पहिली पाळी गाठायची आहे आणि गाडी सुरू केल्यावरही इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

दिवा लुकलुकतोय, गाडी थरथरतेय? मग बाजूला घेऊन बंद करा. तशीच दामटलीत तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो भाग फार महाग असतो. दिवा स्थिर असेल, तापमानाचा आणि ऑईलचा दिवा लागलेला नसेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं.

त्याआधी घरीच बिघाडाचा कोड वाचा. 2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. बीएस-6 गाडीत तर असतंच. त्यात कोड वाचणारा छोटा स्कॅनर बसवा, ब्लूटूथने मोबाइलला जोडा. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. आलेला कोड वहीत लिहा, फोटो काढा.

कोड पुसू नका. बिघाड झाला तेव्हाचा वेग, इंजिनाचं तापमान त्यासोबत नोंदलेलं असतं. पुसलंत की मेकॅनिकच्या हातातला धागाच जातो.

आता पैशाची गोष्ट. कोड म्हणजे निकाल नव्हे, ती नुसती तक्रार आहे. 'पी0171' आला की कुणी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतं. पण तो कोड एवढंच म्हणतो, की इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी पडतंय. कारण एखादा चिरलेला रबरी पाइपही असू शकतो.

म्हणून इंजिन थंड असताना बॉनेट उघडून पाइप, वायरी पाहा. आपल्याकडे भातखाचरं घराला लागून आहेत. पावसात उंदीर उबेला आत शिरतात, वायरी कुरतडतात. सातपाटी, केळव्याच्या बाजूला खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. बॅटरीही मोजा. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास हवी. बॅटरी मंदावली की भलतेच कोड येतात.

एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र हात लावू नका. गाडी चालवताना मोबाइलवर आकडे पाहू नका. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

गॅरेजमध्ये वही दाखवा. हाच भाग खराब आहे हे कशावरून ठरवलं, ते विचारा. चांगला मेकॅनिक समजावून सांगतो. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.