धोत्र्याची विडी आणि पूर्वजांची साक्ष

धोत्र्याची पानं वाळवा, विडी करून ओढा, दमा पळून जातो. हे पूर्वजांना ठाऊक होतं, औषध कंपन्यांनी दडपलं. आणि वनस्पती नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य. एका वनौषधीप्रेमी गृहस्थांचा हा सिद्धान्त सध्या फार जोरात आहे.

नैसर्गिक तर फुरसंही असतं. दडपल्याचं म्हणाल, तर १९व्या शतकात युरोपात धोत्र्याच्या सिगारेटी दम्यावर उघड विकल्या जात. जाहिराती देऊन दडपण्याची ही तऱ्हा मोठी अजब!

खरी गोम मात्रेत आहे. धोत्र्यात ॲट्रोपीन, स्कोपोलामीन, हायोसायमीन ही द्रव्यं असतात. पण बांधावरच्या झाडात ती किती आणि उकिरड्यावरच्या झाडात किती, हे बघून सांगणारा डोळा अजून जन्मायचा आहे. पानात एक प्रमाण, बीत दुसरं. कोवळ्या झाडात एक, जून झाडात तिसरं. मग 'दोन पानं' असं माप कुणी सांगितलं, तर ते कुठल्या तराजूचं? श्वासनलिका सैल करणारं तेच द्रव्य थोडं जास्त झालं की घशाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, लघवी तुंबते, नाडी उधळते आणि माणूस भ्रमात हवेतले धागे वेचत बसतो. वाटमारे प्रवाशांना हेच बी अन्नातून चारत; दिसायला ते थेट मिरचीच्या बीसारखं. पूर्वजांच्या ज्ञानात हेही धरायचं ना?

आणि पूर्वजांनाच साक्षीला बोलवायचं, तर साक्ष पुरती ऐकावी. आयुर्वेदानं धोत्र्याला उपविषांत बसवलं आणि शोधनाशिवाय, म्हणजे विष सौम्य करून घेतल्याशिवाय, बी वापरायचं नाही असं बजावलं. आजच्या औषध नियमांतही धोत्रा अनुसूची ई-१ मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. ती काही कंपन्यांनी गुपचूप घुसडलेली नाही.

धोत्रा उपटून टाका, असं मी म्हणत नाही. फवारणीच्या औषधानं विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात देतात ते इंजेक्शन बहुधा ॲट्रोपीनचंच. छातीतली घरघर आणि नाडी बघत डॉक्टर मात्रा वाढवत नेतात. दम्याच्या पंपातलं इप्राट्रोपियम त्याच रेणूवरून घडवलेलं. ते रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून नाडी सहसा उधळत नाही. गृहस्थांना धोत्र्याचा गुण हवाच असेल, तर तो मोजून भरलेला मिळतो. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी न्यावी लागते.