जिल्हा जीपमधून दिसत नाही



जिल्हा बैठकीत दर खेपेला एकच प्रकार होतो. सातपुड्याच्या पायथ्याचा संत्रेवाला उठतो आणि बोअर कितीही खोल नेला तरी पाणी लागत नाही म्हणून सांगतो. त्याच्यामागून खारपाणपट्ट्यातला कापूसवाला उठतो. त्याच्या विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला दिले तर जमीनच खराब होते. दोघांचे ठराव वेगळे, निवेदने वेगळी, आणि मनातून दोघांनाही वाटते की दुसऱ्याचे बरे चालले आहे. मेळघाटातला कोरकू शेतकरी तर बैठकीला येतच नाही. तो आला नाही, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

आमचे म्हणणे असे की ही तिन्ही माणसे एकाच डोंगराची आहेत. तालुक्यांच्या हद्दी सरकारने कारभाराच्या सोयीसाठी आखल्या. पाणी, माती आणि मजूर त्या हद्दी मानत नाहीत, ती खोऱ्याने चालतात. संघटनेचे कामही खोऱ्याने चालले पाहिजे. आणि खोरे पाहायचे तर कार्यकर्त्याला जीप सोडून सायकल घ्यावी लागेल.

हे बोलायचे म्हणून बोलत नाही. २०२५ च्या डिसेंबरात आम्ही नऊ कार्यकर्ते पाच दिवस सायकलवर फिरलो. त्यात दोन बाया होत्या. सायकली घरच्याच, साध्या, बिनगियरच्या. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, तिथून सिपना नदीच्या काठाकाठाने हरिसाल, धारणी. मग त्याच वाटेने परत खाली उतरून अंजनगाव सुर्जी, दर्यापूर आणि शेवटी पूर्णेचे पात्र. जंगलातला रस्ता उजेडीच कापायचा, रस्ता सोडायचा नाही आणि एकट्याने मागे राहायचे नाही, एवढे तीन नियम पाळले.

घाटाने काय शिकवले

घटांगचा चढ लागला तसे सगळे उतरलो आणि सायकली ढकलू लागलो. ढकलणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेची कापलेली दरड दिसते. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. सागाच्या, ऐनाच्या, धावड्याच्या पाचोळ्याने ती वीतभर माती धरून ठेवली आहे. पाऊस त्या पाचोळ्यावर पडतो, थांबतो, मुरतो. दक्षिण अंगाला उतरणारे पाणी शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांनी आपल्याकडे येते. पायथ्याशी गोट्यांचा आणि वाळूचा पट्टा आहे. तो डोंगराचे पाणी गिळून पोटात साठवतो, आणि अचलपूर-अंजनगावकडच्या संत्र्याच्या विहिरी त्याच साठ्यावर चालतात. म्हणजे संत्रेवाल्याच्या बोअरचे मूळ घाटात आहे. जंगल हा फक्त वनखात्याचा प्रश्न आहे असे तो आजवर समजत आला. आम्हीही तसेच समजत होतो.

माथा ओलांडला की पाणी पाठ फिरवते. सिपना उत्तरेला तापीकडे जाते. तरी ही फारकत कायमची नाही. आपली पूर्णा पश्चिमेला वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच मिळते. डोंगराच्या दोन्ही अंगांचे पाणी तिथे पुन्हा एक होते.

त्याच चढावर समोरून माणसांनी भरलेला एक टेम्पो उतरत आला आणि चहाच्या टपरीपाशी थांबला. कोरकू कुटुंबे, गाठोडी, भांडी, लेकरे. कापूस वेचायला खाली निघाले होते. त्यातल्या एकाशी बोललो. घरची तीन एकर शेती, त्यात सोयाबीन आणि ज्वारी. पीक निघाले, हातात काही उरले नाही, म्हणून निघाला. आता होळीलाच घरी परतणार. कुठे चालला म्हणून विचारले, तर दर्यापूरकडच्या एका गावाचे नाव सांगितले. त्या गावात आमची शाखा आहे. आमच्याच सभासदाचा कापूस वेचायला दरवर्षी येणारा हा माणूस स्वतः कोरडवाहू शेतकरी आहे, हे आम्ही इतक्या वर्षांत त्याला कधी विचारले नाही. जीपमधून जाताना असा टेम्पो शंभर वेळा ओलांडला असेल. काच वर, धूळ बाहेर.

पाण्याची चव

सायकलवाल्याला तहान लागते. जीपमध्ये बाटल्यांचे खोके असते, सायकलला ते जमत नाही. म्हणून अंजनगावपासून पुढे आम्ही ठरवले की प्रत्येक गावच्या हातपंपावर पाणी प्यायचे आणि चव वहीत लिहायची.

अंजनगावला पानमळ्यांच्या शेजारी पाणी गोड. पुढच्या एकदोन गावांतही गोड. मग एका गावी मचूळ लागले. त्यापुढे खारट. दर्यापूरच्या अलीकडे एका पंपावर आमच्यातल्या एकाने बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात ओट्यावरची म्हातारी ओरडली, "बापू, थे पानी नोका पेऊ! ढोरंबी पेत नाई ते. थांबा, घरातलं आणतो." तिने आणलेले पाणी नळाचे होते, शहानूर धरणावरच्या योजनेचे. तीन दिवसांपूर्वी ज्या डोंगररांगेत आम्ही सायकली ढकलल्या, तिथलेच ते पाणी तिच्या तांब्यात होते.

मातीही गावागणिक बदलत गेली. पायथ्याशी गोटे, मग मध्यम काळी, आणि पूर्णेकाठी ओढ्याच्या काठावर पाहिले तर दोन पुरुष खोल काळी चिकण. सुमारे ४.७ लाख हेक्टरांचा हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथल्या मातीत सोडियम जास्त. त्याने चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, वरचे पाणी खाली जात नाही आणि कपाशी पिवळी पडते. वर विहिरीचे खारे पाणी दिले तर दुखणे आणखी वाढते. मात्र आकाशातून पडणारे पाणी इथेही गोडच असते. याच चिकणमातीत शेततळे खोदले की बहुधा प्लास्टिकही लागत नाही, कारण पाणी मुरतच नाही. जे दुखणे, त्यातच औषध.

इथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे. कृषीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा आम्ही अख्ख्या तालुक्याला एक शिफारस लिहीत होतो. कपाशीचा एकच वाण, पेरणीचे एकच अंतर, खताची एकच मात्रा. अंजनगाव ते दर्यापूर सायकलने एका दिवसाचीही वाट नाही, पण तेवढ्यात जमीन तीन वेळा बदलते. हलक्या जमिनीतली उशिरा येणारी कपाशी पाऊस गेला की नोव्हेंबरातच सुकते, तिथे लवकर येणारा वाण किंवा ज्वारी-तूर बरी. भारी जमिनीत तीच कपाशी ओलीवर जानेवारीपर्यंत तग धरते. हे शेतकऱ्याला ठाऊक होते, शिफारस लिहिणाऱ्या आम्हाला नव्हते. आम्ही गाडीतून माती पाहत होतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मातीत बदलली नाही. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये. घाटापासून पूर्णेपर्यंत ज्या ज्या टपरीवर बसलो, तिथे लोकांनी सांगितलेला व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खालीच होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीचे महिने त्यात गेले. गोड पाण्याचा आणि खाऱ्या पाण्याचा शेतकरी वेगवेगळे रडत असले, तरी त्यांना लुटणारी वाट एकच आहे.

चोचले नव्हेत

काही मित्र म्हणतील, सायकलवर डोंगर पाहणे हे शहरी लोकांचे चोचले आहेत. मेळघाटात तसे हौशी सायकलवाले आम्हाला भेटले. भारी सायकली, डोक्याला टोप. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, घाम त्यांनाही येतोच. पण ते नदी पाहून परत जातात. आपल्याला त्या नदीकाठीच जगायचे आहे.

शिवाय चळवळींनी सायकल आधीही वापरली आहे. बाबा आमटे १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले, तेव्हा बरोबरची तरुण मुले-मुली सायकलवर होती. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने हजारो गरीब बायांना सायकल शिकवली आणि त्या स्वतःच्या पायावर, म्हणजे पायडलावर, गावाबाहेर पडल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्या. शिक्षण संपले की ती सायकल गोठ्यात टेकून राहते. ती बाहेर काढा. आमच्याबरोबरच्या दोघी बाया नसत्या, तर त्या म्हातारीच्या घरात पाण्याला किती पैसे आणि किती फेऱ्या लागतात, हे आम्हाला कोणी सांगितलेच नसते.

आता काय करायचे

प्रत्येक तालुक्याने आपली एक नदी धरावी. उगमाकडून खाली, तीन दिवस, रोज तीस-चाळीस किलोमीटर. मागे जीप नको. जीप मागे असली की चढावर माणूस तिच्यात बसतो. बरोबर पंप, पंक्चरचे सामान, चेनला तेल. ब्रेकचे रबर घाट उतरण्याआधी नवे घाला. मुक्काम सभासदाच्या घरी, जेवण भाकर-बेसन.

प्रत्येक गावात तीनच प्रश्न विचारा. पाणी किती खोल आणि चवीला कसे? माती किती खोल, खाली काय लागते? कापूस आणि ज्वारी कुठे विकली, हातात काय पडले? वेचणीला माणसे येत असतील तर ती कुठून येतात, तेही लिहा, आणि पुढच्या वेळी त्यांच्या गावापर्यंत चढा.

पुढच्या जिल्हा बैठकीत तालुकावार ठराव आधी घ्यायचे नाहीत, अशी आमची सूचना आहे. आधी नदीवार वह्या वाचाव्यात. संत्रेवाल्याने खारपाणपट्ट्याची वही वाचावी, खारपाणपट्ट्याने घाटाची. आणि त्या दिवशी टेम्पोतल्या त्या कोरकू शेतकऱ्याला बैठकीचे निमंत्रण गेलेले असावे. दर्यापूरकडच्या शाखेने ते पोचवायचे आहे. तो माणूस होळीपर्यंत त्यांच्याच शिवारात आहे.