शौचावाटे रक्त? ‘मूळव्याध असेल’ म्हणून थांबू नका

मनीषनगरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मूळव्याधीचं मलम मिळतं. शौचावाटे रक्त दिसलं की आपण तेच आणतो, घरात कुणाला सांगत नाही. बहुतेकदा ती मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचंही हे लक्षण असू शकतं, आणि फरक मलम लावून कळत नाही.

हा कॅन्सर बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठीपासून होतो. त्याला साधारण १० वर्षं लागतात. तोवर कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला, तर बहुतेक वेळा तिथंच काढता येतो. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी त्याहून सोपी. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र कोलोनोस्कोपी टाळू नये.

अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्याकडच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. रुग्णांचं प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी, हे खरं. पण मग लक्षणं दिसणाऱ्यांना तरी कोण गाठणार? मिहानचं एम्स, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट इथून लांब नाही. अडवते ती लाज.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा, डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल विचारा.