पेटंट कशाला मिळतं, कशाला नाही

सातबारा जमिनीचा असतो. पेटंट म्हणजे डोक्यातून निघालेल्या शोधाचा सातबारा, पण अर्ज केल्या दिवसापासून 20 वर्षांपुरताच. ज्याच्या नावावर पेटंट, त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्यानं बनवायची नाही, विकायची नाही. भलत्याच माणसाचं नाव सातबाऱ्यावर चढलं की काय होतं, हे डहाणू-तलासरीतल्या माणसाला शिकवायला नको. म्हणून हा विषय शहरातल्या वकिलांचा आहे असं म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या देशात पेटंटचा कायदा 1970 चा आहे. त्यात पेटंटसाठी तीन अटी आहेत. पहिली, शोध नवा पाहिजे; आधी कोणाला माहीत असलेला, वापरात असलेला चालत नाही. दुसरी, त्या कामातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल एवढाच तो नसावा. तिसरी, तो बनवता-वापरता आला पाहिजे. एखाद्यानं भात झोडायचं नव्या रीतीचं यंत्र बनवलं, तर त्याला पेटंट मिळू शकतं, मग तो इंजिनिअर असो की कासा-सायवनचा शाळा सोडलेला पोरगा. शिक्षणाचा दाखला कायदा मागत नाही.

आता कशाला मिळत नाही ते नीट ऐका, कारण आपल्या कामाचं तेच आहे. याच कायद्याचं कलम 3 आहे. निसर्गात जे आहे ते कोणाला सापडलं, म्हणून तो शोध होत नाही. रानातली मुळी, पाला, साल, जनावर, यांवर पेटंट नाही. झाडं, बियाणं, वाण यांवर नाही. शेती करायच्या पद्धतीवर नाही. चित्रावर, गाण्यावर नाही. आणि 2002 साली केलेल्या दुरुस्तीनं एक मोठी गोष्ट आली : लोकांकडं परंपरेनं चालत आलेलं ज्ञान, किंवा त्याचीच नुसती जोडाजोड, ही नवी वस्तू मानायची नाही.

म्हणजे भगतानं दिलेलं औषध, सुईणीला ठाऊक असलेला पाला, यांचं पेटंट परक्याला मिळू नये. तसंच ते आपल्यालाही मिळत नाही. तेव्हा कोणी पाड्यावर येऊन "तुमच्या औषधाचं पेटंट काढून देतो, एवढे पैसे भरा" म्हणाला, तर त्याला कलम 3 विचारा. आणि औषधाची माहिती देण्याआधी त्याला ग्रामसभेपुढं उभा करा.

कायद्यात लिहिलंय म्हणजे निश्चिंत झालो, असं मात्र नाही. हळदीचं बघा. जखमेवर हळद लावायची, हे आपल्या घरातलं पोरही सांगेल. पण 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच वापराचं पेटंट मिळालं. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं ते आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. 1997 साली पेटंट रद्द झालं. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीवर औषध करण्याचं पेटंट युरोपात एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या शेती खात्याला मिळालं होतं. ते 2000 साली रद्द झालं, आणि अपिलाचा निकाल लागायला 2005 उजाडलं.

हळद कशामुळं सुटली? कागदामुळं. जुने संस्कृत ग्रंथ, छापलेले लेख पुढं ठेवले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात दुसऱ्या देशात नुसतं वापरात आहे, एवढं पुरत नव्हतं. छापलेलं पाहिजे होतं. हळदीला ग्रंथ होता. आपल्या भगताच्या मुळीला कुठला ग्रंथ आहे? ती गुरूकडून चेल्याकडं तोंडानं गेली. वनजमिनीच्या दाव्यात "पुरावा काय?" म्हणून आपल्याला विचारतात, तोच प्रश्न इथंही उभा राहतो.

मग सगळं लिहून छापून टाकावं का? तिथंही खोच आहे. छापलं तर पेटंट अडतं, पण वाचून फायदा उचलणाराही मोकळा होतो. आमचं मत असं : लिहायचं, पण वही ग्रामसभेच्या ताब्यात ठेवायची. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. अनेक ठिकाणी अशा वह्या बाहेरच्यानं भरायच्या आणि कपाटात ठेवायच्या, असं चालतं. आपल्याकडं तसं होऊ देऊ नका. कोणती वनस्पती, कोणत्या रानात, कोणत्या दिवसांत, हे लिहा. औषधाची कृती मात्र किती उघड करायची, ते जाणत्या बायाबापड्यांना आणि भगतांना विचारून ठरवा.

दुसरं, वनहक्क कायदा 2006. त्याच्या कलम 3(1)(ट) मध्ये, इंग्रजीत के, जैवविविधतेवर आणि परंपरेच्या ज्ञानावर समाजाचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. आपण प्लॉटचा दावा भरतो, आणि हा हक्क कागदावरच राहतो. सामुदायिक दाव्यात तो नाव घेऊन मागा. रान हातचं गेलं, तर रानाचं ज्ञान दोन पिढ्यांत विसरतं. म्हणून जमिनीची लढाई आणि ही लढाई वेगळी नाही.

बियाण्याचंही सांगतो. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे; फक्त ते कंपनीच्या नावाच्या पाकिटात विकायचं नाही. नागली-वरईचं बी घरात राखणारीला कोणी चोर ठरवू शकत नाही.

आणि वारली चित्र, घोलवडचा चिकू? त्यांना "पेटंट मिळालं" असं लोक बोलतात. ते पेटंट नव्हे, भौगोलिक मानांकन. चित्राला 2014 साली, चिकूला 2016 साली मिळालं. त्यानं त्या नावाची नक्कल अडवता येते. पण पिशवीवर वारली चित्र छापून कमावणाऱ्याला कोण विचारणार, हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, आमच्या गावातलं रानाचं ज्ञान ग्रामसभेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. दोन, जैवविविधतेची नोंदवही आम्ही स्वतः भरणार आणि मूळ प्रत गावात राहणार. आपला भाग पाचव्या अनुसूचीतला आहे, पेसा कायदा लागू आहे. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या, आणि जपून ठेवा. पुढं कोणी "पुरावा काय?" विचारलं, तर तो आपल्या पेटीत असू दे.