आठ्या आणि सुरकुत्या

आमच्या घरीं येत्या वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज व्हावयाची आहे. त्या तयारीच्या सामानांत परवां एक लहानशी काचेची बाटली आली आणि तिजवरून घरांत दोन दिवस वाद माजला. बाटलींत पाण्यासारखें पातळ, किंचित् चिकट असें द्रव्य होतें. त्यास हल्लीं 'सीरम' म्हणतात. तिची किंमत वाचून आमच्या कपाळास आठ्या पडल्या. "एवढ्या पैशांत एका केळवणाचें साहित्य येईल," असें आम्ही सर्वांदेखत बोललों आणि शिक्षकी पेशाच्या संवयीस अनुसरून चेहऱ्याच्या चोचल्यांवर एक लहानसें व्याख्यानहि झोडलें.

"मामंजी, त्यांत अमिनो आम्लांची साखळी आहे. तिनें सुरकुत्या कमी होतात," एवढेंच सूनबाई म्हणाली आणि बाटली उचलून आंत गेली.

आम्ही पाठशाळेंत शिकून पुढें शाळेंत छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. रसायनशास्त्राशीं आमचा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेपुरताच. तथापि ज्या शब्दाचा अर्थ आपणांस ठाऊक नाहीं त्याची थट्टा करणें शिक्षकास शोभत नाहीं, हें रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आलें. म्हणून दुसऱ्या दिवशीं बाटलीसोबतचा कागद मागवून घेतला, वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या पुतणीस शेजारीं बसविलें, आणि जें समजलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दांचा विचार करूं. आपल्या भाषेनें येथें दोन निराळीं नांवें देऊन ठेविलीं आहेत. कपाळावर पडते ती आठी. ती स्नायूंच्या आकुंचनानें पडते आणि राग ओसरला म्हणजे जाते. सुरकुती ही त्वचेच्याच अंगीं असते. ती राग गेल्यानें जात नाहीं. पुष्कळ वर्षें घातलेली आठी मात्र अखेर सुरकुती होऊन बसते. गंमत अशी कीं, बाटल्यांतून मिळणाऱ्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांतहि असेच दोन प्रकार आहेत. एक आठीवर चालणारा, दुसरा सुरकुतीवर.

'अमिनो आम्ल' यांतील 'आम्ल' शब्दानें कोणी भिऊं नये. डाळ, दूध, ताक यांतील प्रथिनें याच द्रव्यांचीं बनलेलीं असतात. वर्णांपासून पदें आणि पदांपासून ग्रंथ व्हावा, त्याप्रमाणें वीसेक अमिनो आम्लांच्या निरनिराळ्या क्रमानें शरीरांतील प्रथिनें होतात. चार-सहा वर्णांचें पद असावें तशी अमिनो आम्लांची आंखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. सूनबाईच्या बाटलींत होतें तें हेंच.

त्वचेस बळकटी देणारें मुख्य प्रथिन कोलॅजन. कोरड्या त्वचेच्या वजनांत सुमारें पाऊण भाग तेंच असतें. त्याची घडण मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनीं १९५४ सालीं मांडली व पुढील वर्षीं ती सुधारून घेतली. या घडणींत तीन साखळ्या एकमेकींभोंवतीं वळलेल्या असतात. घरांतील मुलींची तीन पेडांची वेणीच म्हणाना. प्रत्येक साखळींत दर तिसरें अमिनो आम्ल ग्लायसिन असतें. कारण वेणीच्या आंतल्या बाजूस जागा अगदीं थोडी, आणि ग्लायसिन हें सर्वांत लहान. वय वाढूं लागलें म्हणजे नव्या वेण्या घालण्याचें काम मंदावतें, उन्हानें जुन्या वेण्या तुटतात, आणि आधार गेलेल्या त्वचेस घडी पडते. तीच सुरकुती.

मग कोलॅजनच तोंडास चोळलें तर काय होईल, असें आमच्या भावजयीनें विचारलें. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या प्रत्येक साखळींत सहस्राहून अधिक अमिनो आम्लें असतात. एवढा मोठा रेणू त्वचेंतून आंत शिरत नाहीं. वर राहून तो ओलावा धरून ठेवतो, इतकेंच.

लहान तुकड्याची गोष्ट निराळी. १९९३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांस असें आढळलें कीं, कोलॅजनच्या पूर्वरूपांतील पांच अमिनो आम्लांचा एक तुकडा, म्हणजे लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन व सेरिन या क्रमाचा, प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींस दिला असतां त्या अधिक कोलॅजन तयार करूं लागतात. तुटलेला धागा पाहून विणकरानें पुन्हां मागावर बसावें, तसा हा प्रकार. परंतु हा तुकडा पाण्याशीं मिळणारा आणि त्वचेचा वरचा थर स्निग्ध. म्हणून त्यास पामिटिक आम्लाची शेपटी जोडण्याची युक्ति निघाली. हें स्निग्धाम्ल आपल्या तुपांतहि असतें.

या जोडसाखळीची एक परीक्षा २००५ सालीं प्रसिद्ध झाली. ३५ ते ५५ वयाच्या ९३ स्त्रियांनीं बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूस साधें मलम लावलें. दुसऱ्या बाजूस तेंच मलम, परंतु दहा लाख भागांत अवघे ३ भाग पेप्टाइड घातलेलें. कोणत्या बाजूस कोणतें, हें लावणारीसहि ठाऊक नव्हतें आणि तपासणारासहि नव्हतें. शेवटीं पेप्टाइडच्या बाजूस बारीक रेषा व सुरकुत्या कमी भरल्या. फरक मापण्याजोगा होता, पण थोडा होता. आणि परीक्षा घेणारे प्रसाधनें करणाऱ्या कंपनीचेच शास्त्रज्ञ होते, हेंहि वाचकांनीं विसरूं नये. विद्यार्थ्याचा पेपर त्याच्या बापानें तपासला म्हणून गुण खोटेच ठरतात असें नाहीं. पण दुसऱ्यानें तपासलेला बरा.

आठीवरील साखळी सहा अमिनो आम्लांची. तिचें बाजारांतील नांव अर्जिरेलिन. मज्जातंतूच्या टोंकाकडून स्नायूस निरोप जातो तेव्हांच तो आकुंचन पावतो. हा निरोप सोडणाऱ्या यंत्रणेंतील एका प्रथिनाच्या टोंकाची ही साखळी नक्कल करिते व त्याची जागा अडवूं पाहते. निरोप दुबळा झाला म्हणजे आठीहि दुबळी. २००२ सालीं स्पेनमधील संशोधकांनीं लिहिलें कीं, तिच्या १० टक्के मलमानें ३० दिवसांत सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत घटली. परंतु ती परीक्षा थोड्याच स्त्रियांवर झालेली. आणि पुढें त्वचेच्या तुकड्यांवर प्रयोग झाले त्यांत ही साखळी बहुतेक वरच्याच थरांत राहते असें दिसलें. स्नायू तर त्याच्या पुष्कळ खालीं.

तात्पर्य, सूनबाईचें म्हणणें खोटें नव्हतें आणि आमचें व्याख्यान खरें नव्हतें. या साखळ्या थोडें काम करितात. जाहिरातींत सांगतात तेवढें करीत नाहींत.

परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट पुतणीनें शेवटीं सांगितली. चेहऱ्यावरील सुरकुत्यांचें मोठें कारण वय नव्हे, ऊन. अमेरिकेंतील एका ६९ वर्षांच्या मालमोटार हांकणाऱ्या गृहस्थाचें छायाचित्र २०१२ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत आलें होतें. अठ्ठावीस वर्षें खिडकीचें ऊन त्याच्या डाव्या गालावर येत राहिलें. डावी बाजू सुरकुत्यांनीं भरलेली, उजवी त्या मानानें तरुण. अतिनील किरणांतील खोल जाणारे किरण कांचेंतूनहि येतात, म्हणून असें झालें. ऑस्ट्रेलियांत ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षें झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. रोज ऊनरोधक मलम लावणारांची त्वचा, मनास येईल तेव्हां लावणारांपेक्षां, २४ टक्के कमी जुनी झाली होती.

हें सर्व त्या रात्रीं आम्ही कुटुंबास मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "अहो, ती बाटली सुनेनें स्वतःसाठीं आणली नव्हती. मुंजीच्या फोटोंत मी बसणार नाहीं असें बोलून गेलें होतें, म्हणून तिनें माझ्यासाठीं आणली."

आमच्यानें कांहीं बोलवेना. लग्न होऊन ती या घरांत आली तेव्हांपासून दर चैत्र-वैशाखांत गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया हिनेंच वाळत घातल्या. कावळे हांकीत भर दुपारीं हीच बसली. आम्ही त्या वेळीं खालीं पडवींत वाळ्याचा पडदा सोडून उत्तरपत्रिका तपाशीत असूं. ते पापड आम्हीं वर्षभर चवीनें खाल्ले, आणि त्यांचा हिशेब तिच्या गालावर उमटला तेव्हां त्यास चोचले म्हणून मोकळे झालों.

दुसऱ्या दिवशीं सर्वांदेखत आम्ही सूनबाईपाशीं आपली चूक कबूल केली. व्याख्यान जर सर्वांदेखत दिलें, तर तें मागेंहि सर्वांदेखतच घ्यावयास पाहिजे. बाटली आतां देवघराशेजारील फडताळांत आहे. यंदाचें वाळवण सकाळीं लवकर घालावयाचें, दुपारची राखण घरांतील पुरुषांनीं पाळीपाळीनें छत्री घेऊन करावयाची, असें ठरलें आहे. पहिली पाळी आमची.

ज्या घरीं अशी बाटली येईल त्यांस आमचें सांगणें इतकेंच. आधीं हाताच्या आंतल्या बाजूस थोडें लावून चार दिवस पाहावें. खाज अगर लाली आल्यास सोडून द्यावें. गुणाची वाट तीन महिने पाहावी व अपेक्षा बेताची ठेवावी. छत्री, डोकीवरील पदर आणि ऊनरोधक मलम यांस मात्र अंतर देऊं नये. आणि घरांतील कोणा बाईनें चेहऱ्यासाठीं कांहीं आणलें तर किंमत वाचण्यापूर्वीं तें कोणासाठीं व कां आणलें, हें विचारावें.

कुटुंबानें फोटोस बसण्याचें मान्य केलें आहे. अट एकच घातली: "तुम्हीं त्या वेळीं कपाळास आठ्या घालावयाच्या नाहींत."