गिरगाव पायी पाहा

या अंकासोबत गिरगावचा नकाशा दिला आहे. बरोबर वाटाड्या नको, घाईही नको. चर्नी रोड स्टेशनावर उतरा आणि चालू लागा.

खोताच्या वाडीत शिरलात की रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. लाकडी जिने, नक्षीचे कठडे, ईस्ट इंडियन कुटुंबांच्या उतरत्या छपरांची घरं. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी दर काही वर्षांनी थोडी आक्रसते, एकेका बंगल्याच्या जागी इमारत उभी राहते. पुढे केशवजी नाईकांची चाळ. १८९३ पासून इथे सार्वजनिक गणपती बसतो. शेवटी चौपाटी गाठा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले आणि त्यांना इथेच अग्नी दिला गेला. तिथल्या पुतळ्यापाशी जरा थांबा.

आमच्या मते हा इतिहास संग्रहालयात मावणारा नाही, कारण त्यात माणसं अजून राहतात. म्हणून एक कळकळीची विनंती: कुणाच्या ओटीवर विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका. दारात कुणी आजोबा बसले असतील, तर नमस्कार करून आधी त्यांना बोलू द्या. आणि तुमच्या वाडीची, चाळीची आठवण असेल, तर आम्हाला जरूर लिहून कळवा.