युरियाच्या गोणीतला हायड्रोजन

वसईच्या वाडीवाल्यांनो, २०२२ साली पुण्यात हायड्रोजनची बस दाखवली गेली. टाकीतला हायड्रोजन व हवेतला प्राणवायू इंधन-घटात एकत्र येऊन वीज होते; धूर नाही, नुसती वाफ. मग आपल्या विहिरीवरची मोटार का नको, असे कुणालाही वाटेल.

पण हिशेब पाहा. पाण्यातून १ किलो हायड्रोजन काढायला सुमारे ५० युनिट वीज लागते, आणि घटातून तिची निम्मीही परत मिळत नाही. त्यापेक्षा मोटार सरळ विजेवर किंवा सौर पॅनेलवर चालवलेली बरी.

हायड्रोजन आपल्या वाडीत आधीच येतो, तो युरियाच्या गोणीतून! केळीला घालतो तो युरिया अमोनियापासून, अन् अमोनिया हायड्रोजनपासून. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूतून काढतात. ४५ किलोच्या गोणीमागे साधारण साडेचार किलो हायड्रोजन लागतो. तोच पाण्यातून काढायचा तर सव्वादोनशे युनिट वीज. केंद्राची हरित हायड्रोजन मोहीम २०२३ पासून सुरू आहे, खतासाठीचा अमोनियाही तिच्यात धरला आहे. या विजेचे पैसे गोणीच्या भावात चढणार की सरकार सोसणार, एवढे मात्र सोसायटीच्या बैठकीत जरूर विचारा.